सभासदाची साखर कोणाची?

दिवाळी जवळ आली की ऊसपट्ट्यात साखरेची एक वेगळी वाहतूक सुरू होते. सहकारी कारखाना आपल्या सभासदांना सवलतीच्या दरात साखर देतो. काही कारखाने ती महिन्याच्या महिन्याला देतात, पण खरी गर्दी दिवाळीलाच असते. शेअरवर किलो ठरतात. कार्ड दाखवायचं, पैसे भरायचे, पोतं उचलायचं. मोटरसायकलच्या टाकीवर आडवं टाकलेलं पोतं आणि मागे ते एका हाताने धरून बसलेला पोरगा हे दृश्य शिरूर-दौंडच्या बाजूला कुणालाही नवीन नाही.

पण सगळी पोती घरी जात नाहीत. काही वाटेतच किराणा दुकानात उतरतात. कधी तर पोतं उचलायचीही गरज पडत नाही. सभासद कार्डच दुकानदाराच्या हातात देतो, दुकानदार अशी दहा-वीस कार्डं गोळा करतो आणि टेम्पो घेऊन साखर उचलतो. दुसऱ्या दिवशी तीच साखर बाजारभावाने किलो-किलोने विकली जाते. सगळ्यांना हे माहीत असतं, कुणी फारसं बोलत नाही. कधी पारावर एखादा म्हातारा एवढंच म्हणतो, ‘कारखान्याने पोरांच्या तोंडात घालायला दिली, ह्यांनी बाजारात ओतली.’

मला त्या वाक्याने विचारात पाडलं, कारण ते बरोबर आहे की नाही हे चटकन सांगता येत नाही. पैसे देऊन घेतलेली साखर माझी आहे. मग ती विकली तर बिघडलं काय?

हा प्रश्न आपल्याच तालुक्याचा नाही. फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमध्ये कर्मचाऱ्यांना ‘कास्ट मेंबर’ म्हणतात. पार्कच्या दुकानांत न खपलेला माल – टी-शर्ट, बाहुल्या, मग – त्यांच्यासाठी असलेल्या खास दुकानात अगदी कमी दराने विकला जातो. नियम असा की खरेदी स्वतःसाठी किंवा कुणाला भेट देण्यासाठी असावी, धंद्यासाठी नाही. तरीही त्यातला काही माल ईबेसारख्या साइटवर पोहोचतोच. साखरेच्या पोत्याचा रस्ता तोच आहे. संस्था आपल्या माणसाला काहीतरी स्वस्तात देते आणि तो माणूस ते बाहेरच्या भावाने बाहेर विकतो.

आधी विकणाऱ्याची बाजू घेऊ, कारण ती वाटते तेवढी लंगडी नाही.

१९०८ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टासमोर एक खटला आला होता. बॉब्ज-मेरिल नावाच्या प्रकाशकाने एका कादंबरीत छापलं होतं की हे पुस्तक एक डॉलरपेक्षा कमी किमतीला विकणं हा हक्कभंग समजला जाईल. मेसीज या न्यूयॉर्कच्या मोठ्या दुकानाने ते ८९ सेंटला विकलं. कोर्टाने दुकानाच्या बाजूने निकाल दिला. एकदा प्रत विकली की त्या प्रतीचं पुढे काय करायचं ते ठरवण्याचा प्रकाशकाचा कायदेशीर हक्क संपला. आतल्या पानावर काही छापलं म्हणून गिऱ्हाइकाचे हात बांधले जात नाहीत.

इंजिनिअरिंग केलेल्या कुणालाही याचा दुसरा भाग ओळखीचा वाटेल. पुण्यात अप्पा बळवंत चौकात मिळणारी परदेशी लेखकांची टेक्स्टबुकं आठवा. पातळ कागद, साधं कव्हर, आणि कोपऱ्यात सूचना की ही आवृत्ती फक्त भारतीय उपखंडात विक्रीसाठी आहे. अशाच स्वस्त आवृत्त्यांवरून किर्तसेंग या थायलंडच्या विद्यार्थ्यावर खटला झाला. अमेरिकेत शिकत असताना तो घरच्यांना थायलंडमध्ये पुस्तकं घ्यायला सांगायचा आणि ती अमेरिकेत विकायचा. २०१३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी त्याच्या बाजूने कौल दिला.

इथे मला प्रकाशकाबद्दल फारशी सहानुभूती वाटत नाही. पुस्तक आपल्याला स्वस्तात मिळतं ते आपल्यावरच्या प्रेमापोटी नाही, तर महाग असतं तर आपण झेरॉक्स काढली असती म्हणून. ती किमतीची चाल आहे. चालीला चालीने उत्तर दिलं तर त्यात कसली कृतघ्नता?

मग साखरही अशीच सोडून द्यायची का? त्याआधी दौंड स्टेशनवर जाऊन येऊ. पुणे-सोलापूर मार्गावरून मनमाडची लाइन जिथे फुटते ते हे जंक्शन, आणि गावात रेल्वेची नोकरी केलेली घरं पुष्कळ. रेल्वे कर्मचाऱ्याला प्रवासाचा पास मिळतो. आता समजा, एका कर्मचाऱ्याने रेल्वेच्या सोसायटीत स्वस्तात मिळालेला टॉवेल शेजाऱ्याला विकला. कुणी भुवई उंचावणार नाही. पण त्याने आपला पास शेजाऱ्याला विकला तर? साधं तिकीटसुद्धा असं परस्पर दुसऱ्याला विकता येत नाही. रेल्वे कायदा, १९८९ मध्ये कलम १४२ त्यासाठीच आहे. पासचा कागद टॉवेलपेक्षा हलका, पण त्यावर एका माणसाचं नाव असतं. शेजारी त्या पासवर डब्यात बसला, तर तपासनीसासमोर त्याला दुसऱ्याचं नाव सांगावं लागतं.

हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. सवलत वस्तूला नसते, माणसाला असते. गोदामातली सगळी साखर एकसारखीच. स्वस्त पोत्यातली साखर कमी गोड नसते. तिला स्वस्त करतं ते सभासदाचं नाव. म्हणून घरी आणलेलं पोतं विकणं आणि कार्डच दुकानदाराला देऊन टाकणं या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसल्या तरी एक नाहीत. पहिल्यात साखर विकली जाते, दुसऱ्यात नाव.

पण पहिल्याचाही निकाल अजून लागलेला नाही. साखर विकणाऱ्याला बोल लावायचा तर आधी ठरवायला हवं की ती साखर नेमकी काय आहे. भेट, की वाटा?

गंमत म्हणजे हा प्रश्न पारावरून थेट आपल्या सर्वोच्च न्यायालयात गेला आहे. कऱ्हाडजवळच्या कृष्णा सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात आयकर खात्याचं म्हणणं असं होतं की बाजारातला दर आणि सभासदांना लावलेला दर यांतला फरक म्हणजे खरं तर वाटलेला नफाच आहे, तेव्हा तो कारखान्याच्या उत्पन्नात धरा. २०१२ मध्ये न्यायालयाने त्यावर शेवटचा निकाल न देता प्रकरण खालच्या अपिलाकडे परत पाठवलं आणि काही गोष्टी तपासायला सांगितल्या. सवलतीने साखर द्यायची सहकारी साखर उद्योगात प्रथाच पडली आहे का? दिवाळी सोडून इतर महिन्यांत किती साखर द्यायची हे कशावरून ठरतं?

कायद्याची भाषा बाजूला ठेवली तर न्यायालय विचारतंय की हा रिवाज आहे की हिशेब. आणि त्या उत्तरावर आपल्याही प्रश्नाचं उत्तर ठरतं. हिशेब असेल, म्हणजे सभासदाला त्याच्याच नफ्यातला वाटा पैशांऐवजी साखरेत मिळत असेल, तर ती त्याने खावी, विकावी, नाहीतर चहात दुप्पट घालावी. पगाराचं काय केलं हे मालक विचारत नाही. रिवाज असेल, तर मात्र त्यात देणाऱ्याचा काही हेतू आला. सणाला सभासदाच्या घरात गोडधोड व्हावं, आपण पिकवलेल्या उसाची साखर आपल्या पोरांनी खावी. म्हाताऱ्याच्या वाक्यात हाच हेतू बोलतो.

आपल्याकडे मिळालेली वस्तू पुढे सरकवण्याचा मोठा अनुभव आहे. ओटीत आलेला खण वर्षानुवर्षं घरोघर फिरतो. लग्नात आलेला टी-सेट न उघडता दुसऱ्या लग्नात जातो. त्यावर आपण हसतो, पण रागावत नाही. कारण खण पुढे जातो तेव्हा त्याच्याबरोबर मानही पुढे जातो. ज्या कामासाठी तो दिला होता तेच काम तो दुसऱ्या घरात करतो. पण देवाला वाहिलेला नारळ देवळाच्या मागच्या दाराने पुन्हा त्याच दुकानात गेला आणि पुढच्या भक्ताला विकला गेला, तर आपल्याला खटकतं. नारळ तोच आहे, फुटलेलाही नाही. खटकतं ते एवढंच की एकाच नारळावर दुकानदाराने दोनदा पैसे केले आणि भक्तीचा मधल्यामध्ये माल झाला.

सवलतीची साखर या दोहोंपैकी कशासारखी? मला वाटतं, ती कुठे जाते यावर ते अवलंबून आहे. बहिणीच्या घरी दहा किलो पाठवली, शेतावर काम करणाऱ्या बाईला घेतलेल्या दरानेच पाच किलो दिली, तर ती खणासारखी फिरली. किराणा दुकानात गेली तर हिशेब बदलतो. समजा, किलोमागे २० रुपयांचा फरक आहे आणि ५० किलोचं पोतं आहे. म्हणजे सवलतीची किंमत १,००० रुपये. दुकानदार सभासदाच्या हातावर ७०० ठेवतो, ३०० त्याला उरतात, आणि गिऱ्हाईक पूर्ण बाजारभाव देतं. बाहेरच्या कुणालाही साखर एका पैशाने स्वस्त मिळालेली नसते.

आणि बाहेरचं कोण आहे, ते पाहायला हवं. कारखान्याच्या आवारात किंवा उसाच्या फडाजवळ पालं टाकून राहणारे ऊसतोड मजूर बीडसारख्या जिल्ह्यांतून येतात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता, टनावर मजुरी, मुकादमाची उचल फेडायची. साखर होण्याआधी प्रत्येक ऊस ज्यांच्या हातातून जातो ते हे लोक. ते सभासद नाहीत. त्यांना साखर हवी असेल तर ती गावातल्या दुकानातून पूर्ण दराने घ्यायची. म्हणजे सभासदाने विकलेली सवलतीची साखर मजुराच्या चहात जाते ती बाजारभावाने. ही उलटी गंगा आहे. पण त्याचा दोष एकट्या विकणाऱ्या सभासदावर टाकणं मला पटत नाही. ज्याने सगळं पोतं घरात खाल्लं त्याच्यामुळेही मजुराला काही मिळालं नव्हतं. कुंपण आधीच घातलेलं होतं. विक्रीमुळे ते फक्त दिसलं.

शिवाय विकणाराही बहुतेक वेळा सुखासुखी विकत नाही. दोन म्हातारी माणसं, त्यातल्या एकाला शुगर, मुलं पुण्यात. ५० किलो साखरेचं ते काय करणार? किंवा दिवाळीत घरात साखर आहे, पण लेकरांच्या कपड्यांना पैसे नाहीत. रेशनच्या तांदळाचं हेच होतं. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबात माणशी ५ किलो धान्य मिळतं. बाजरी-ज्वारीची भाकरी खाणारं घर त्यातला जास्तीचा तांदूळ दारावर येणाऱ्याला विकतं आणि त्यातून तेल आणतं. याला गैरवापर म्हणणं सोपं आहे. पण ती बाई सांगतेय की तुम्ही दिलेली मदत चांगली आहे, फक्त मला हवी तशी नाही. गरजू माणसाने आपल्या वाट्याची वस्तू विकली, तर तो निरोप म्हणून ऐकावा असं मला वाटतं. तेच धान्य तिच्या हातात पडण्याआधी वाटेतून गायब झालं तर मात्र ती उघड चोरी आहे. दोन्हीला ‘काळा बाजार’ हा एकच शब्द वापरून आपण मोठ्या चोराला लहान माणसामागे लपू देतो.

असं म्हणता म्हणता सगळंच माफ होईल, म्हणून एक उलटं उदाहरण घेतो. शिरूर नगर रोडवर आहे. एका बाजूला पुणे, तिथे लष्कराच्या दक्षिण कमांडचं मुख्यालय. दुसऱ्या बाजूला अहिल्यानगर, तिथे रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र. शिरूर स्वतःही एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांची छावणी होतं, घोडनदीचा बाजार तेव्हाचा. साहजिकच या रस्त्यावर माजी सैनिकांची घरं आहेत, आणि ‘कँटीनचं’ हा शब्द घराघरात माहीत आहे. कँटीनचा साबण, कँटीनची बॅग, आणि अर्थातच कँटीनची बाटली.

१९४८ पासून चालत आलेल्या कँटीन स्टोअर्स डिपार्टमेंटचा माल स्वस्त का? एक कारण असं की त्यावरच्या जीएसटीतला निम्मा परत मिळतो. म्हणजे सवलतीचा एक भाग सरकार सोडून देतं, आणि सरकार म्हणजे कर भरणारे सगळेच. कारखान्याच्या साखरेत सभासद स्वतः मालक आहे, त्याचाच ऊस, त्याचाच नफा. कँटीनमध्ये मात्र आपण सगळे मिळून एका माणसाला म्हणतोय की तू सीमेवर होतास, तुझ्या घरखर्चातला थोडा भार आमच्याकडे. त्याबदल्यात त्याने मान्य केलेलं असतं की कार्डावरचा माल स्वतःसाठी आहे, आणि महिन्याला अमुक इतकाच. निवृत्त सुभेदाराने पाहुण्यासमोर ती बाटली उघडली तर तो सन्मान वाटून घेणं झालं. पण महिन्याचा पूर्ण कोटा दर महिन्याला ढाब्यावर पोहोचत असेल, तर विकली जातेय ती दारू नाही, आपली कृतज्ञता. इथे शब्द दिला होता आणि तो मोडला.

मग ह्यावर उपाय काय, असं विचारलं तर माझ्या पेशातला माणूस लगेच लॅपटॉप उघडतो. मी सॉफ्टवेअर लिहितो. सवलतीचा गैरवापर थांबवा हे काम आमच्याकडे नेहमी येतं, आणि उत्तरंही ठरलेली असतात: एका नंबरवर एकच कूपन, मर्यादा, ओटीपी, चेहरा, अंगठा. स्क्रीनवर ते छान चालतं. त्याची किंमत कोण भरतं ते स्क्रीनवर दिसत नाही. पन्नास कार्डं गोळा करणारा व्यापारी अडत नाही, तो सभासदांनाच टेम्पोत बसवून अंगठ्यासाठी घेऊन येतो. अडते ती रेशन दुकानासमोर उभी असलेली म्हातारी, जिच्या बोटांच्या रेषा खुरपणी करून करून झिजल्या आहेत आणि मशीन जिला ओळखायला नकार देतं. अडते ती सैनिकाची विधवा, जिच्या कार्डाचं नाव बदलायला कागद कमी पडतो.

कुंपण माणसाभोवतीच घालावं लागतं असंही नाही. शेतकऱ्याला अनुदानाने मिळणारा युरिया प्लायवूडच्या गोंदासारख्या उद्योगांकडे वळायचा. २०१५ मध्ये देशात बनणाऱ्या सगळ्या अनुदानित युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा झाला. उद्योगाला तो युरिया वापरणं अवघड, पिकाला मात्र उलट चांगला. गळती पूर्ण थांबली असं नाही, पण त्या उपायाने एक गोष्ट केली. शेतकऱ्याकडे चोर म्हणून न पाहता त्याने मालच बदलला. साखरेला कडुनिंब लावता येणार नाही हे उघड आहे. पण जो म्हणेल त्याला साखरेऐवजी तेवढा फरक रोख द्यायची सोय करता येईल. ज्याला साखर नको त्याचं दुकानदाराकडे जायचं कारणच संपेल, आणि मधले ३०० रुपये घरात राहतील.

तोपर्यंत तरी नियमाच्या बाहेरचं बरंचसं आपल्यावरच आहे. पारावरच्या म्हाताऱ्याला मी उत्तर देईन ते असं. साखर विकणाऱ्या प्रत्येकाला बोल लावू नका, त्याच्या घरात काय शिजतंय ते आधी बघा. वाट्याची साखर विकणं हा व्यवहार आहे, आणि गरजेपोटी केलेल्या व्यवहारात लाज नाही. पण कार्ड भाड्याने देणं, मयत सभासदाच्या नावावर पोती उचलणं, दिलेला शब्द महिन्याच्या महिन्याला विकणं, याला व्यवहार म्हणू नका. या मालाचा पैसा एकाच्या खिशात जातो, आणि त्यातून जो संशय उरतो तो सगळ्यांच्या नावावर जमा होतो. पुढच्या वर्षी रांगेत एक नवं मशीन येतं आणि ज्याने आयुष्यात एक किलोही विकली नाही त्याला आपण कोण आहोत हे सिद्ध करावं लागतं.

भीमेच्या एका काठाला शिरूर तालुका, दुसऱ्या काठाला दौंड. न्हावऱ्याचा घोडगंगा आणि पाटसचा भीमा, दोन्ही कारखान्यांनी बंद धुराड्याचे हंगामही पाहिले आहेत. अशा वर्षी दुकानात साखर मिळतेच, कदाचित त्याच दर्जाची. तरी घरात कुणीतरी म्हणतंच, यंदा कारखान्याची साखर नाही. ‘कारखान्याची’ या शब्दात जे काही असतं, त्याला दुकानदार भाव लावू शकत नाही. तो लावतो फक्त पोत्याला. कार्ड त्याच्या हातात देताना आपण नेमकं काय देतोय, एवढं माहीत असलं तरी पुरे.